वाडे पडके राहू द्या, पण त्यांचे पाणी परत आणा

सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. नोकरीची सारी वर्षे पाणीपुरवठ्याच्या कामात गेली. टाक्या, व्हॉल्व, गळती, दाब हेच माझे जग होते. निवृत्तीनंतर जुनी कारंजी आणि पडके वाडे पाहत हिंडण्याचा नाद लागला. बरोबर चार-दोन जुने सहकारी असतात, कधी कॉलेजातली मुले येतात. या हिंडण्यातून एकच मागणी मनात पक्की झाली आहे, ती आधीच सांगून टाकतो. पडलेल्या वास्तू पुन्हा नव्यासारख्या उभ्या करण्याच्या मागे शासनाने लागू नये. मात्र त्या वास्तूंमध्ये पाणी जसे खेळत होते, तसे ते जिथे शक्य असेल तिथे पुन्हा खेळवावे. जिथे शक्य नसेल, तिथे ते कसे खेळायचे हे पाहणाऱ्याला जागेवरच समजेल अशी सोय करावी.

आज सुशोभीकरणाचा निधी आला की काय होते, हे आपण जाणताच. प्रवेशद्वाराला नवी कमान, आवारात पेव्हर ब्लॉक, भिंतीला सिमेंटचा गिलावा, झाडांवर रंगीत माळा आणि मधोमध गाण्यावर नाचणारे कारंजे. तलावांच्या या आमच्या शहरात रंगीत कारंज्यांची हौस मोठी आहे. तलावाकाठी संध्याकाळी पोरेबाळे ती बघतात, त्यांना आनंद होतो, त्याला माझा विरोध नाही. पण तीनशे वर्षांपूर्वीच्या हौदाशेजारी तेच कारंजे बसवले, की हौद कचऱ्याची कुंडी होतो. हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिले आहे.

मुंबईतल्या फ्लोरा फाउंटनकडे पाहा. 1864 सालचे हे कारंजे. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, कोरीव काम जेम्स फोर्सिथ यांचे आणि दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलँडचा. ते आधी भायखळ्याच्या राणीच्या बागेत बसवायचे ठरले होते. पुढे फोर्टात आले आणि तो चौकच त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 21 नोव्हेंबर 1955 रोजी याच परिसरात गोळीबार झाला. त्यामुळे आपल्याला ते नुसते शोभेचे कारंजे कधीच वाटले नाही. मधल्या काळात त्याचे पाणी बंद पडले होते आणि दगडावर तैलरंगाचे थर चढले होते. दुरुस्तीत ते थर उतरवले गेले, जमीन खणताना जुन्या ट्रामचे रूळ सापडले आणि जानेवारी 2019 मध्ये पाणी पुन्हा सुरू झाले. सुरू झाल्यानंतर मी तिथे बराच वेळ उभा होतो. लोकलच्या घाईत निघालेली माणसे पाण्याच्या आवाजाने क्षणभर मान वळवत होती. कोरड्या कारंज्याकडे कुणी मान वळवत नाही.

याच फोर्सिथ यांच्या हातचे दुसरे कारंजे इंग्लंडमध्ये वुस्टरशर परगण्यात विटली कोर्ट इथे आहे. मागे तिकडे जाण्याचा योग आला तेव्हा ते मुद्दाम पाहिले. विटली कोर्ट हा एका उमरावाचा प्रचंड वाडा. 1937 साली त्याला आग लागली आणि तो पुन्हा बांधला गेला नाही. आज त्याला छत नाही. खिडक्यांच्या नुसत्या चौकटी उभ्या आहेत, आतल्या खोल्यांत आभाळ दिसते. तिथल्या वारसा संस्थेने छत घातले नाही, भिंती रंगवल्या नाहीत. पडझड थोपवली, चालण्याच्या वाटा सुरक्षित केल्या आणि वाड्यासमोरचे ग्रीक पुराणातल्या पर्सियस आणि अँड्रोमेडाचे कारंजे चालू केले. पंखांच्या घोड्यावर बसलेला वीर, खडकाला बांधलेली राजकन्या आणि तिच्यावर चालून आलेला समुद्री राक्षस असा तो देखावा आहे. राक्षसाच्या तोंडातून धार सुटते, ती पूर्वी 120 फुटांपर्यंत जात असे. मूळ व्यवस्थेत वाफेच्या इंजिनाने पाणी उंचावरच्या टाकीत चढवत आणि तिथून ते उताराने कारंज्याकडे येई.

आता कारंजे हंगामात ठरलेल्या वेळी चालू होते. वेळ जवळ आली की बागेत पांगलेली माणसे कडेला येऊन थांबतात. धार उठल्यावर मागच्या काळवंडलेल्या भिंतीही वेगळ्या दिसू लागतात. हा वाडा कशासाठी बांधला होता, इथे बसून माणसे काय बघत असतील, हे सांगायला मार्गदर्शक लागत नाही. अवशेष अवशेषच राहिले आणि तरीही वास्तू समजली. हे आपल्याकडे का होऊ नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्याकडे पाण्याचे शहाणपण कमी होते असे कुणी म्हणू नये. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणले, ते निव्वळ उतारावर. जमिनीखालून बांधीव नळ, वाटेत हवा निघून जाण्यासाठी उच्छ्वास आणि शहरात ठिकठिकाणी हौद. शनिवारवाड्यात सवाई माधवरावांच्या काळचे सोळा पाकळ्यांचे हजारी कारंजे आहे. 1828 च्या आगीत वाड्याचे लाकडी मजले गेले, जोती आणि हे कमळ राहिले. अहिल्यानगरला 1583 मध्ये पुरा झालेला फराहबागेचा अष्टकोनी महाल तळ्याच्या मधोमध बांधलेला. तळे कोरडे पडले की त्या महालाचा अर्धा अर्थ जातो. त्याच्या कमानी पाण्यात उलट्या दिसाव्यात, पाण्यावरून येणारा वारा आत फिरावा, अशीच त्याची रचना आहे. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नळांतून येते, भिंतीवर चढते आणि वरून हौदात कोसळते. ते कोसळत असते तेव्हा सहलीला आलेली शाळेची मुले तिथून हलायला तयार नसतात.

कारंज्याचे शास्त्र अवघड नाही. तोटी बारीक केली की धार उंच जाते, असे पुष्कळांना वाटते. खरे म्हणजे पाणी किती उंचावर साठवले आहे, यावर सगळे ठरते. दहा मीटर उंचीच्या पाण्याला दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब मिळतो. त्यातला काही नळात घासून जातो, काही वळणांवर जातो आणि उरलेल्या दाबावर धार उठते. म्हणून जिथे जुने कारंजे आहे, तिथे आसपास कुठेतरी त्याच्यापेक्षा उंच हौद असलाच पाहिजे, नाहीतर पाणी उपसून चढवण्याची सोय तरी. तो हौद शोधला की सारी व्यवस्था उलगडत जाते. आपल्या खात्याच्या पाहणीत भिंती मोजल्या जातात, कमानी मोजल्या जातात, कोरीव खांबांची छायाचित्रे निघतात. पातळ्या, म्हणजे कुठली जागा किती उंचावर आहे याची मोजमापे, मात्र फार क्वचित घेतल्या जातात.

आमच्याच जिल्ह्यातल्या एका वाड्याची हकीकत लिहितो. वाडा खासगी आहे, म्हणून गावाचे आणि घराण्याचे नाव लिहीत नाही. छप्पर गेलेले, ओसरीवर करवंदीची जाळी, दिंडी दरवाजाचे एक फळकूट तेवढे बिजागरीला लटकलेले. मागच्या चौकात विहीर, विहिरीच्या काठाला मोटेचे दगड आणि तिथून निघणारी दगडी पन्हळ. ही पन्हळ भिंतीत शिरून मधल्या चौकात निघते आणि तुळशीवृंदावनाला वळसा घालून एका आठ कोनी कुंडाशी येते. कुंडाच्या मधोमध तोटीची खाच आहे, तोटी कधीच गेली. आमच्याबरोबरच्या एका मुलीने पन्हळीतला पाला हाताने साफ केला आणि बाटलीतले पाणी विहिरीच्या टोकाला ओतले. पाणी थबकत थबकत निघाले, भिंतीच्या भोकात गेले आणि जरा वेळाने पलीकडून बाहेर आले. कुठेही तुंबले नाही. वाडा खचला, तुळया कुजल्या, पण दगडाला दिलेला उतार जागचा हलला नव्हता. आम्ही पातळी लावून पाहिले. साऱ्या लांबीत उतार इतका बेताचा होता, की आजच्या कुठल्याही गवंड्याने तो पाहून कानाला हात लावावा.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा विहिरीकडच्या बाजूला मुरूम टाकून गाड्या लावायला जागा केली होती. पन्हळीचा तेवढा भाग खाली गाडला गेला. कुणी दुष्टाव्याने केले असे मला वाटत नाही. ती पन्हळ म्हणजे काय, हेच कुणाला ठाऊक नव्हते. भिंत पाडताना चार माणसे तरी आडवी येतात. जमिनीतल्या पन्हळीसाठी कोण येणार?

नवी मुंबईत बेलापूरचा किल्ला पाहा. पनवेल खाडीच्या मुखाशी सिद्दींनी बांधलेला, पुढे पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज अशा सर्वांच्या हातून गेलेला. आज त्याचा बुरूज पालिका मुख्यालयाच्या परिसरात, रहदारीच्या कडेला उभा आहे. इथून घारापुरीपर्यंत भुयार होते, ही आख्यायिका प्रत्येक जण सांगतो. पण चहूकडे खारे पाणी असताना इथल्या शिबंदीला गोडे पाणी कुठून मिळायचे, हे कुणी विचारत नाही आणि सांगतही नाही. मला भुयारापेक्षा ही गोष्ट शंभर पटीने रंजक वाटते. वसईच्या किल्ल्याचेही तेच. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी तो घेतला हे मुलांना पाठ असते. आतल्या पोर्तुगीज उमरावांच्या घरांचे आणि मठांचे अवशेष पाहताना मात्र ती विहिरीला विहीर आणि भिंतीला भिंत म्हणून पुढे जातात. कल्याणचा सुभेदार वाडा आता शाळेच्या नावातच उरला. जे अजून जमिनीवर उरले आहे, त्याची नोंद आत्ताच व्हायला हवी.

महोदय, पाण्याची टंचाई असताना कारंजी कसली, असा प्रश्न आपल्याला विचारला जाईल. तो रास्त आहे आणि त्याला उत्तर आहे. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवता येते, फक्त बाष्पीभवनाने आणि गळतीने घटेल तेवढीच भर घालावी लागते. रोज दोन-तीन वेळा थोडा थोडा वेळ चालवले तरी पुरते, उन्हाळ्यात बंद ठेवले तरी चालेल. धोका आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. गळती काढायची म्हणून जुन्या हौदाला सिमेंटचा लेप दिला, की दगडातला ओलावा आणि क्षार आत कोंडतात आणि दगडाचा पापुद्रा सुटू लागतो. हे काम घाण्यावर मळलेल्या चुन्यातच व्हायला हवे आणि ते जाणणाऱ्या गवंड्याकडूनच. निविदेत ही अट स्पष्ट शब्दांत असली पाहिजे. बोअरचे जड पाणी वापरले तर तोट्यांत थर बसतो, म्हणून पाण्याची तपासणीही आधी व्हावी. जुन्या खापरी नळांना नव्या पंपाचा दाब सोसणार नाही. तिथे नळ जपून ठेवावेत आणि पाणी वेगळ्या वाटेने आणावे.

1960 चा राज्याचा प्राचीन स्मारकांचा कायदा आपल्या हाती आहे, राज्याच्या स्मारक संगोपन योजनेत संस्थांना सहभागी करून घेण्याची वाटही आहे. आपण असा निर्णय काढावा, की राज्य संरक्षित स्मारकाच्या कोणत्याही संवर्धन आराखड्याला त्या वास्तूच्या पाण्याचा नकाशा जोडल्याशिवाय मंजुरी मिळणार नाही. त्या नकाशात उगम, पन्हळ, हौद, उच्छ्वास, निचरा आणि प्रत्येकाची पातळी असावी. पाण्याच्या जुन्या वाटेवर वाहनतळ, पेव्हर ब्लॉक किंवा नवे कारंजे करायला मनाई असावी. केंद्राच्या ताब्यातल्या स्मारकांसाठी राज्याने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे हाच आग्रह धरावा. आणि सुरुवात म्हणून एकच वास्तू निवडावी. दहा ठिकाणी नारळ फोडण्यापेक्षा एका ठिकाणी पाणी वाहू द्यावे.

येणाऱ्यांच्या साध्या गरजांबद्दल थोडे. मराठीतला वाचता येईल असा फलक, बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह, स्टेशनापासून बस आणि पिण्याचे पाणी. आमच्या बरोबरच्या बायका निम्म्या ठिकाणी यायचे टाळतात ते स्वच्छतागृह नसल्यामुळे.

ठाणे जिल्ह्यातल्या संरक्षित वास्तूंच्या पातळ्या घ्यायच्या ठरल्या, तर आम्ही जुनी पाणीखात्यातली माणसे विनामोबदला यायला तयार आहोत. पातळी यंत्र आमच्याकडे आहे, उंची मोजायची पट्टी धरायला मुले आहेत. फक्त आत जाऊन मोजण्याची लेखी परवानगी हवी. पावसाळ्यात पन्हळी कुठे वाहतात आणि कुठे तुंबतात हे डोळ्यांना दिसते, म्हणून ती परवानगी पहिल्या पावसाआधी मिळावी, ही विनंती.

आपला,
नौपाडा, ठाणे येथील एक निवृत्त पाणीपुरवठा कर्मचारी