रामशेजचा किल्लेदार बुरुजावर काय बोलला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्यावर अख्खं पान आलं होतं. फोटो भारीच होते, पण लेख वाचताना सारखं वाटत होतं की हे आपण आधी कुठंतरी वाचलंय, आणि मग ट्यूब पेटली की हे कादंबरीतले संवाद आहेत, फक्त अवतरणचिन्हं काढलेली. किल्लेदार रात्री बुरुजावर उभा राहून कुणाला काय म्हणाला, त्याच्या डोळ्यात काय दाटून आलं वगैरे. हे कुणी ऐकलं आणि कुठं लिहून ठेवलं? लेखात पत्ता नाही.

मी म्हसरूळला राहतो, पेठ रोडनं गडाच्या पायथ्याचं आशेवाडी काही लांब नाही, सवड मिळाली की गडावर जातो. ज्यांनी रामशेज पाहिलाय त्यांना ठाऊक आहे की गड तसा लहान आहे, चढायला सोपा, मागे घनदाट जंगल नाही, आजूबाजूला बऱ्यापैकी मोकळा मुलूख. असा गड 1682 मध्ये औरंगजेबाच्या फौजेनं वेढला आणि तो पुढची काही वर्षं हाती लागला नाही. आधी शहाबुद्दीन खान आला, तो थकला मग बहादूर खान, मग कासिम खान. आणि यातल्या सगळ्यात मजेशीर गोष्टी आपल्याकडच्या कुणी नाही तर खाफीखानानं लिहून ठेवल्यात, म्हणजे मोगलांच्याच बाजूच्या इतिहासकारानं, फारसीत.

तो सांगतो की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, कातडं मात्र भरपूर होतं, तर आतल्या लोकांनी झाडाचे बुंधे पोखरून त्यावर कातडं चढवलं आणि तशा तोफा डागल्या, आणि एकेक तोफ दहा तोफांचं काम करायची म्हणे. पुढं तर कहरच आहे. बहादूर खानाला एक मांत्रिक भेटला, म्हणाला भुतं माझ्या ताब्यात आहेत, सोन्याचा नाग करून द्या, मी तुम्हाला थेट गडात नेतो. खानानं नाग करून दिला! मांत्रिक नाग हातात धरून फौजेच्या पुढं निघाला, अर्ध्या वाटेत वरून गोफणीचा दगड येऊन छातीवर बसला, नाग एकीकडे आणि मांत्रिक एकीकडे. नंतर वेढा उठवताना खानानं एवढ्या कष्टानं उभारलेला लाकडी दमदमा, म्हणजे गडावर मारा करायचा उंच मचाण, जाळून टाकला आणि वरून आपले लोक नगारे वाजवत होते.

आता गंमत बघा, माझ्या कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला मामा हे फेकतायत लोक, रील्ससाठी बनवलेलं असणार. आणि किल्लेदाराचं नाव, गडावरच्या मावळ्यांचा नेमका आकडा, बुरुजावरचं भाषण हे मात्र त्याला पक्कं खरं वाटत होतं. म्हणजे नेमकं उलटं. ज्यावर विश्वास बसू नये असं वाटतं ते शत्रूच्या बखरीत आहे आणि जे एकदम शाळेच्या पुस्तकातल्यासारखं साळसूद दिसतं ते कुणीतरी टेबलावर बसून रचलंय. किल्लेदाराची म्हणून दोन-तीन वेगवेगळी नावं सांगितली जातात यातच सगळं आलं, खाफीखान तर त्याला नुसता हुशार अनुभवी गडी म्हणून सोडून देतो. अर्थात खाफीखानालाही किस्से रंगवायची हौस होती, त्यानं हे बऱ्याच वर्षांनी लिहिलंय, मांत्रिकाची गोष्ट शंभर टक्के तशीच घडली असं मीही छातीठोक म्हणणार नाही. पण निदान कुणी लिहिलं, कोणत्या बाजूनं लिहिलं एवढं तरी कळतं ना.

आणि कादंबरीवाल्यांचं नुकसान कुठं होतं सांगू का, त्यांना एकटा शूर गडी हवा असतो त्यामुळे बाकीचं गळतं. संभाजीराजांनी रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांना बाहेरून मदतीला पाठवलं होतं, वेढा घालणाऱ्यांवरच मागून मार बसत होता, म्हणून गड टिकला. एवढी वर्षं आत दाणागोटा कसा पोचला असेल, हा प्रश्न मला तरी भाषणापेक्षा जास्त थरारक वाटतो. आणि शेवटी गड गेला तो लढून नाही, पैसे चारून. हे प्रकरण सहसा दोन ओळीत उरकतात.

कादंबऱ्या वाचूच नका असं माझं म्हणणं नाही हां. उलट संभाजीराजांच्या बाबतीत तर इतिहास म्हणून जे चालत होतं तेच निम्मं कथाकथन होतं. चिटणीसांची बखर राजांच्या नंतर शंभरेक वर्षांनी लिहिलेली, आणि लिहिणारा त्या बाळाजी आवजींच्या घराण्यातला ज्यांना राजांनी देहदंड दिला होता. त्यावर पिढ्यान्पिढ्या नाटकं झाली, व्यसनी बेफिकीर राजपुत्र रंगवला. मग वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं कागद धुंडाळून 1960 मध्ये चरित्र काढलं, 1971 मध्ये कमल गोखले यांचं आलं, तेव्हा चित्र बदललं. त्यानंतरच्या कादंबऱ्यांनी आणि सिनेमांनी ते घराघरात पोचवलं हे कबूल करायलाच हवं, पण थिएटरमध्ये रडून बाहेर पडलेल्या किती जणांना बेंद्रे हे नाव माहीत असतं?

नाशकात दुसरं उदाहरण आनंदवल्लीचं. तिथल्या नवश्या गणपतीला जाणारा प्रत्येक जण सोबतच्याला आनंदीबाई आणि ध चा मा सांगतोच. नारायणरावांचा खून 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात झाला, गारदी होते, राघोबादादांना रामशास्त्र्यांनी दोषी धरलं, हे सगळं नोंदलेलं आहे. पण बाईंनी अक्षर बदललेला तो कागद आजवर कुणी पुढं आणलेला नाही. तरी अडीचशे वर्षं बाई गुन्हेगार, कारण नाटकात ते फिट बसतं.

तर विनंती एवढीच की पुरवणीत किल्ल्यांवर लिहिणाऱ्यांना सांगा, लेखाच्या शेवटी चार ओळीत द्या की यातलं काय कागदात सापडतं, काय गावातले लोक सांगतात आणि काय कादंबरीतून घेतलंय. प्रकाशकांनीही कादंबरीच्या मागं दोन पानं यासाठी ठेवायला काय हरकत आहे, जाहिरातीला ठेवतातच की. आणि आशेवाडीला गडाच्या पायथ्याशी खाफीखानाचा तो कातडी तोफांचा उतारा मराठीत लावता आला तर बघा, तुमच्या पेपरनं विषय लावून धरला तर होऊन जाईल, पोरं रील्स काढायला येतातच तिथं, तेवढंच वाचतील.

आपला,
एक वाचक
म्हसरूळ, नाशिक