पायरीवरच्या दोघी

सदर, नागपूर
शनिवार, रात्री

प्रिय बबी,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र मंगळवारी आलं. "मार्टासारख्या आईला समजून घ्या म्हणणारं पुस्तक मला नको, अर्ध्यावर मिटलं" असं लिहून त्याखाली तू जी रेघ ओढलीस, ती मागच्या पानावरही उमटली आहे. पुस्तक मीच धाडलं होतं, तेव्हा उत्तर देणं माझ्याकडेच लागतं. फोनवर तू "असू दे गं" म्हणशील आणि विषय तिथंच संपेल, म्हणून लिहायला बसले.

आमच्या मंडळीतल्या बायकांनी या उपवासकाळात फ्रान्सिन रिव्हर्सची हीच कादंबरी घेतली होती. 'हर मदर्स होप' आणि तिचाच पुढचा भाग 'हर डॉटर्स ड्रीम', दोन्ही २०१० सालची. दर शनिवारी चारला कोणाच्या तरी घरी बसायचो. आम्ही अकराजणी, त्यात सरळ इंग्रजी वाचणाऱ्या तीनच. बाकीच्यांना मी आपल्या भाषेत सांगत गेले. लेखिकेच्या स्वतःच्या आजीत आणि आईत आजीच्या शेवटच्या वर्षांत दुरावा आला होता. तो कशानं आला असेल, हे शोधता शोधता ही कादंबरी झाली. हे ऐकल्यावर बायका जरा सरसावून बसल्या. असा दुरावा कोणाच्या घरात नाही?

खरं सांगते, इतकं भांडण आमच्या बायबल अभ्यासातही कधी झालं नाही.

शाळेतून निवृत्त झालेल्या बाई पहिल्यापासून मार्टाच्या बाजूच्या. स्वित्झर्लंडमधली शिंप्याची पोर, बाप शाळा सोडायला लावतो, मारतो, तिची कमाई स्वतःकडे ठेवतो. ती एकटी देश सोडते, इंग्लंडात राबते आणि पुढं मॉन्ट्रियलला जाऊन स्वतःच्या पैशानं खानावळीचं घर उभं करते. "एवढं केलेल्या बाईनं गोडगोड बोलावं ही अपेक्षा का करता?" असं त्यांचं म्हणणं. त्यावर मिहानमध्ये नोकरीला असलेली आमची सर्वांत लहान पोरगी उसळली. ती म्हणाली, तुम्ही सगळ्या मार्टाला धरून बसल्या आहात. तिचा नवरा निकलस शेती करायची म्हणून उठतो आणि तिला ते उभं केलेलं घर सोडावं लागतं, त्याचा हिशेब कोण मागतं? चार पिढ्यांच्या या पुस्तकात जाब फक्त आयांनाच का? मला तिचं पटलं. अजूनही पटतं. या कादंबरीत पुरुषांना फार स्वस्तात सोडलं आहे.

आणखी एक गोष्ट मला खटकली. दुसऱ्या भागात मार्टाच्या नातीची, कॅरोलिनची, साठच्या दशकातली भटकंती येते, तिथं लेखिका घाईत आहे. गाठ बसते, कोणीतरी प्रार्थना करतं आणि गाठ सैल होते. मी प्रार्थना करणारी बाई आहे, तुला माहीत आहे. पण माझ्या घरात एकेक गाठ वीस-वीस वर्षं सुटली नाही, आणि त्या वीसही वर्षांत प्रार्थना चालूच होती. ती वीस वर्षं मला पुस्तकात हवी होती.

पाळकबाईंनी बायबलातल्या निर्गमातलं, बापांच्या पापाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचते, हे वचन काढलं. लगेच कोणीतरी यहेज्केलचा अठरावा अध्याय काढला. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले, ही म्हण यापुढं इस्राएलात चालणार नाही, असं देव तिथं सांगतो. दोन्ही वचनं एकाच शास्त्रात. पाळकबाई बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, १९७० साली २९ नोव्हेंबरला याच नागपुरात उत्तर भारतातल्या सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक झाल्या, पण माय-लेकींना एका खोलीत बसवायचं म्हटलं की आपण हरतो.

तू सोडलंस त्याच्या पुढचं थोडं सांगते, कारण तू नेमकी वाईट जागी थांबलीस. मार्टाची बहीण एलिस आठवते ना? नाजूक म्हणून आईनं पदराखाली वाढवलेली. कामाला धाडली तिथं तिच्यावर अत्याचार झाला आणि ती जिवानिशी गेली. मार्टानं त्यातून एकच धडा घेतला, की पोरीला जपलं की पोर मरते. मग तिच्या पोटी अशक्त हिल्डेमारा आली, तेव्हा तिनं तिला जवळ घेतलं नाही, ढकलत राहिली. ती ढकलाढकली वाचून तू पुस्तक मिटलंस. पुढं हिल्डेमारा नर्स होते आणि तिला क्षय होतो. आता मार्टा येते. लेकीचं घर सांभाळते, नातवंडं सांभाळते, आणि धाकटी कॅरोलिन आजीला अशी चिकटते की खाटेवर पडलेल्या आईच्या काळजात कळ उठते. कॅरोलिनला कळत नाही, की आई आपल्याला जवळ का येऊ देत नाही.

इथं मी नर्स म्हणून वाचत होते. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, पण ते सगळ्यांच्या हाती यायला पुढं वर्षं लागली. तोवर क्षयावर उपाय म्हणजे विश्रांती, मोकळी हवा आणि माणसांपासून लांब राहणं. माझ्या नोकरीतली एक बाई मला आठवली. तिचं तीन वर्षांचं पोर वॉर्डाच्या दारात उभं राहून हात पुढं करायचं आणि ती तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळायची. पोराला पाठ दिसायची, एवढंच. त्या पोरानं मोठं झाल्यावर आईबद्दल काय सांगितलं असेल?

कादंबरी आपल्याला मार्टाचं बालपण आधी वाचायला देते, बबी. बापाचा मार, बहिणीचं मरण, सगळं ठाऊक झाल्यावर मग तिचा कठोरपणा येतो. हिल्डेमाराला ते कोणी दिलं नाही. तुला-मलाही नाही. आपण आईच्या गोष्टीत शिरतो तेव्हा निम्मी पानं उलटून गेलेली असतात.

आता आईचं सांगते. तिसरा शनिवार आमच्याकडे होता. आई आता ब्याऐंशीची. खिडकीजवळच्या खुर्चीत, बशीवर हात धरून मारी बिस्किट मोडून खात होती. कण खाली पडू देत नाही ती, पडलाच तर बोट ओलं करून टिपते. आम्हाला वाटलं, तिला ऐकू येत नाही. मी हिल्डेमाराचं सांगत होते, दोघी-तिघींचे डोळे भरले होते. तेवढ्यात आई म्हणाली, "काहून रडून राहिल्या वो तुम्ही? पोरगी जगली नं?"

कोणी काही बोललं नाही. मी चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले आणि ओट्याशी आलं ठेचत उभी राहिले. अंगाला कंप सुटला होता. पोरगी जगली ना. जणू आईनं तेवढंच करायचं असतं.

रात्री तिचे पाय चेपताना विचारलं, तू मला कधी कडेवर घेतल्याचं आठवत का नाही मला? ती म्हणाली, "आपल्या घरी घेत नाहीत." का? "उचलून घेतलं का पाय मरते, आजी म्हणे."

तिची आजी म्हणजे माझी पणजी. दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात आली एवढंच मला ठाऊक होतं. १८९९-१९०० चा तो मोठा दुष्काळ. पुढचं आईनं छताकडे बघत सांगितलं. "सात वर्साची होती ते. लहान भावाले कडेवर घेऊन निंगाली. दम भरला, खाली ठेवलं त्याले. तो चाललाच नाही. ते चालली." मग कूस वळून म्हणाली, "झोप आता."

मला झोप आली नाही. मागच्या महिन्यात लेक आली होती, तिच्या कडेवर नातू. मी तिला म्हणाले होते, "खाली ठेव गं त्याला, पाय आहेत ना त्याला." हे वाक्य मी माझं समजत होते.

म्हणून माझा राग गेला असं समजू नकोस. बोर्डिंगात महिन्याचा भेटीचा रविवार असायचा. चिंचेखालच्या पायरीवर आपण दोघीच उरायचो, तू रिबिनीची टोकं चावायचीस आणि मी फाटकाकडे बघायचे. त्या रविवारी आई दुहेरी ड्यूटी करायची, त्यातून माझी फी निघायची. हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. कळूनही पायरी तिथंच आहे. तुला मार्टाला माफ कर असं मी म्हणत नाही. तुझी आई आता नाही, तिला विचारायची सोय राहिली नाही, आणि ते दुःख माझ्यापेक्षा मोठं आहे हे मी जाणते. माझं मागणं एवढंच की पुढची पानं वाच. मार्टा आयुष्यभर आपल्या मैत्रिणीला, रोझीला, पत्रं लिहिते. लेकीशी एक शब्द मऊ न बोलणारी ही बाई त्या पत्रांत केवढी मोकळी होते, ते तुला दिसेल. तुझ्या आईनंही कोणाला तरी लिहिलं असेल, कोणापाशी तरी बोलली असेल. तिच्यासोबत काम केलेल्या कोणी बाई असतील तर जाऊन भेट.

जमल्यास जोडीला लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे', पुन्हा काढ. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, आपल्या नागपुरातही राहिले होते. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार मधून चिरला, पण त्या कुठं न्याय मागत बसत नाहीत. वडिलांच्या सोवळ्याचा जाच, नवऱ्याचा लहरीपणा, सगळं जसं घडलं तसं समोर ठेवतात. रिव्हर्सबाई सगळ्यांना शेवटी घरी आणू पाहतात, लक्ष्मीबाईंना तशी निकड नाही. मला दोन्ही लागतात. पण रात्री उशाशी लक्ष्मीबाई असतात.

आता रोज संध्याकाळी कूलरच्या टाकीत पाणी भरून झालं की मी आईला दुसरा भाग सांगते. काल मार्टा लेकीच्या घरी आली तिथवर पोचलो. आईनं विचारलं, "मंग आली नं शेवटी?" म्हटलं, आली. ती थोडा वेळ बशीतले कण टिपत बसली. मग म्हणाली, "तुही ते मैत्रीण, बबी. तिची माय येत होती का रविवारी?" म्हटलं, नाही. "बरं झालं," ती म्हणाली, "दोघी तरी होत्या पायरीवर."

बबी, पायरीचं मी तिला आजवर कधी सांगितलेलं नाही. आठवून बघ, तू कधी बोलली होतीस का?

तुझीच,
बोर्डिंगातली शेजारीण