थांबलेला पगार सुरू करण्याचा अधिकार माणसाकडे हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे पैसे आता डीबीटीने थेट खात्यात येतात. हा बदल व्हायलाच हवा होता. मी तहसीलच्या संगांयो (संजय गांधी योजना) शाखेत अव्वल कारकून म्हणून काम केले आहे. गावनिहाय यादी तयार करायची, नायब तहसीलदारांची सही घ्यायची, धनादेशासह ती बँकेत पोचवायची आणि मग बँकेचा कारकून एकेका खात्यात रक्कम कधी टाकतो याची वाट बघायची, अशी आमची पद्धत होती. दिवाळी तोंडावर आली की बायका ओट्यावर येऊन बसत आणि आमच्याकडे सांगण्यासारखे काही नसे. त्या दिवसांकडे परत जावे असे मी कधीही म्हणणार नाही.

पण गेल्या दिवाळीत आमच्या गावातल्या सत्तरीच्या एका बाईने माझ्यापुढे पासबुक ठेवले. ‘भाऊ, पाच महिने झाले, पगार नाही. बँकवाले म्हणतात तहसीलला जा, तहसीलवाले म्हणतात आमच्याकडून गेलाय.’ (निराधारांच्या अनुदानाला आमच्याकडे पगारच म्हणतात.) दोघेही खरेच सांगत होते. आधारवर आधारित डीबीटीत रक्कम पासबुकावरच्या खाते क्रमांकावर जात नाही, ज्या बँकेने आधार सर्वांत शेवटी जोडून घेतला तिकडे जाते. तिने मध्यंतरी नातवासाठी सिमकार्ड घेताना अंगठा दिला होता. त्याच वेळी तिच्या नावाने एक खाते उघडले गेले आणि आधार तिकडे जोडला गेला. महिना 1,500 प्रमाणे 7,500 रुपये तिला माहीतही नसलेल्या खात्यात जात राहिले. तहसीलच्या पडद्यावर फक्त ‘रक्कम जमा’ दिसत होते.

आधार कोणत्या बँकेला जोडलेला आहे हे ऑनलाइन बघता येते, पण त्यासाठी ओटीपी लागतो आणि आधारला दिलेला तिचा मोबाईल नंबर केव्हाच बंद पडलेला. गावात बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या बँकमित्राच्या यंत्रावर अंगठा उमटेना. तिने पंचवीस हंगाम ऊस तोडला आहे. कोयता धरून बोटांवरच्या रेषा राहिलेल्याच नाहीत. मी स्वतः तिचा अंगठा ओल्या फडक्याने पुसून, तेल लावून चार वेळा यंत्रावर ठेवला.

हा घोटाळा नवा नाही. 2017 मध्ये एका मोबाईल कंपनीच्या पेमेंट्स बँकेत लाखो ग्राहकांचे गॅस अनुदान त्यांच्या नकळत असेच वळले होते आणि त्या वर्षी डिसेंबरमध्ये आधार प्राधिकरणाने त्या कंपनीची ई-केवायसीची, म्हणजे आधारवरून ग्राहकाची ओळख पटवण्याची, परवानगी स्थगित केली होती. इतक्या वर्षांनी तीच फट निराधार बाईच्या वाट्याला यावी, याचा मला राग येतो.

जुन्या नोंदी नव्या प्रणालीत नेताना काय होते, हेही मी पाहिले आहे. आमच्या याद्या श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या. त्या आताच्या युनिकोडमध्ये नेल्या की रफार भलत्याच अक्षरावर जाई, जोडाक्षरे फुटत. एकच बाई आधारवर लक्ष्मीबाई, पासबुकावर लक्ष्मी आणि रेशनकार्डावर तिसऱ्याच नावाने. जन्मतारीख निम्म्या गावाची 1 जून, उरलेल्यांची 1 जानेवारी. आम्हाला माणूस ओळखीचा असल्याने हे चालून जाई. संगणकाला तो ओळखीचा नाही. म्हणून नोंदी जुळवायला गावात बसून काम करणारी माणसे लागतात, आणि नेमका त्याचाच वेळ व खर्च कुणी धरत नाही.

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत पती किंवा वडिलांचा आधार मागितला गेला. पती वारलेला आणि वडीलही हयात नाहीत, अशा बाईने काय करायचे? ओरड झाली, मग मुदत 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढली. संगांयो शाखेतल्या कोणत्याही कारकुनाला आधी विचारले असते तरी त्याने हा प्रश्न पहिल्या दिवशी काढला असता. आमच्याकडे येणाऱ्या अर्ध्या बाया तशाच असतात.

सरकारला माझे मागणे आहे. नवीन प्रणालीत सलग तीन महिने प्रत्येकाचा पगार त्याच्या हातात पडल्याची खात्री होईपर्यंत जुनी यादी बंद करू नका. पगार थांबला तर कारण आणि पैसे कोणत्या बँकेत गेले हे तलाठ्याला व ग्रामपंचायतीत मराठीत दिसू द्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, तलाठ्याने समक्ष पाहून पंचनामा केला की नायब तहसीलदारांना त्या माणसाचे पैसे हाताने सोडता आले पाहिजेत, अंगठा उमटो वा न उमटो. रेशन दुकानात अशांसाठी नॉमिनीची सोय आहे. निराधारांना तेवढीही नसावी? पूर्वी सहीने पगार निघत होता. आज तहसीलदारांनाही ‘वरून अडकलंय’ एवढेच सांगता येते.

त्या बाईचा आधार बँकेत चार खेपा घालून जुन्या खात्याला पुन्हा जोडून घेतला. आता पगार येतो. आधीचे 7,500 रुपये मात्र अजून त्या दुसऱ्या खात्यातच आहेत. ते काढायला तिचा अंगठा लागतो.

– एक निवृत्त अव्वल कारकून, जि. बीड