गेट नंबर विचारून घे

चि. स्नेहल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

"आण्णा, मेट्रोचं सगळं यूट्यूबवर असतं," असं तू परवा, दिल्लीला शिकायला जायचा विषय निघाला तेव्हा, म्हणालीस. असेल. नकाशा तर तुझ्या फोनमध्येच आहे, तो काही मी पाठ करून घेत नाही. पण जुन्या दिल्लीत, सोन्याच्या बाजारातल्या कुचा महाजनीत, गलाईच्या म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायच्या भट्टीपुढं मी अर्धं आयुष्य काढलंय. त्यातली बरीच वर्षं मेट्रो यायच्या आधीची, बरीच नंतरची. यूट्यूबवाला स्टेशनच्या आत काय करायचं ते दाखवतो. मला जास्त सांगायचंय ते स्टेशनच्या बाहेरचं.

आधी निजामुद्दीन. गोवा एक्स्प्रेस तिथंच संपते, त्यामुळं झोप लागून पुढं जायची भीती नाही. पूर्वी आपली माणसं उतरली की रिक्षावाले घेरायचे. विटा-खानापूरचं पोरगं, हातात पत्र्याची पेटी, तोंडात हिंदी नाही. मागेल ते भाडं देणार. आता सराय काले खाँच्या बाजूनं बाहेर पडलं की पिंक लाइनचं स्टेशन जवळच आहे. लाजपत नगरकडं जाणारी गाडी धर, आयएनएला उतर, तिथून यलो लाइनची समयपूर बादलीकडं जाणारी घे आणि विश्वविद्यालयला, तुझ्या विद्यापीठाच्या स्टेशनला, उतर. पण हे एका बॅगेवर. तीन बॅगा, आईचे डबे आणि गादीची वळकटी असेल तर पहिल्याच दिवशी मेट्रोचा हट्ट नको. बॅगेच्या आकाराला आणि वजनाला मर्यादा आहे, शिवाय सकाळच्या गर्दीत एवढं घेऊन जिने चढ-उतर करायचे. सरळ टॅक्सी कर, पैसे मी देतो. संध्याकाळी सामान लावून झालं की मोकळ्या हातानं मेट्रोत बसून ये.

कार्ड लगेच काढ. फोनवर क्यूआर तिकीट निघतं, कागदावरही मिळतं, पण कार्डावर 10 टक्के सूट आहे. आणि सकाळी 8च्या आत, दुपारी 12 ते 5 किंवा रात्री 9 नंतर आत शिरलीस तर आणखी 10 टक्के. ऑगस्ट 2025 पासून भाडं वाढलंय. कमीत कमी 11 रुपये, जास्तीत जास्त 64. महिनाभर रोज फिरायचं तर ही सूट तुझ्या चहाचे पैसे काढते. आत जाताना कार्ड टेकवलंस तसं बाहेर पडतानाही टेकवायचं, आणि एका कार्डावर एकच माणूस. मैत्रीण विसरली म्हणून तुझंच कार्ड पुन्हा टेकवून तिला आत घेता येत नाही.

चेकिंगला बायकांची रांग वेगळी असते, पडद्याआड तपासतात. तिथं नवी माणसं एकच चूक करतात: आल्या आल्या बॅग मशीनच्या पट्ट्यावर टाकतात. मग आपण रांगेत अडकतो आणि बॅग पलीकडं जाऊन पडते, कुणीही उचलावी अशी. तुझ्यापुढं एक-दोघी उरल्या की मगच ठेव. आणि पाकीटमार म्हणजे पुरुषच, असं धरून चालू नकोस. मेट्रोची सुरक्षा बघणाऱ्या सीआयएसएफच्या जवानांनी पकडलेल्यांत बायकांच्या टोळ्या पुष्कळ निघाल्या आहेत. कडेवर मूल, अंगावर ओढणी आणि ओढणीआड हात. त्यामुळं लेडीज डब्यात शिरलं की निर्धास्त झालं, असं नाही. सॅक पुढं घेऊन उभी राहा. आम्ही सोनं घेऊन निघायचो तेव्हा शेठ म्हणायचे, पिशवी जितकी मळकी तितकी बरी. फोनच्या बाबतीतही मला तेच वाटतं, पण तू ऐकणार नाहीस.

लेडीज डबा जायच्या दिशेनं पहिला. प्लॅटफॉर्मवर गुलाबी खुणा असतात. 2010 पासून हा डबा आहे आणि त्यानं दिल्लीच्या पोरींचं फार भलं केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तुझ्या यलो लाइनची गाडी आठ डब्यांची. जिना नेमका शेपटाकडं उतरला तर तोंडापर्यंत बरंच चालावं लागतं. गाडी लागलेली दिसली म्हणून पळत सुटू नकोस. समोरच्या डब्यात चढ. तिथंही बायकांच्या राखीव जागा असतात. पुरुष बसलेला असला तर "भैया, लेडीज सीट है" एवढंच म्हणायचं. उठतात. कुरकुरत का होईना, उठतात. नाहीच उठला तर दोन-चार प्रवासी तुझ्या बाजूनं बोलतील. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्या वेळी असलं काही नव्हतं. खासगी ब्लूलाइन बसच्या दाराला लोंबकळायचं, कंडक्टर चालत्या गाडीतून "चलो चलो" म्हणत उतरवणार. म्हणून आम्ही फिरायचोच नाही. खोली ते भट्टी, भट्टी ते खोली. रविवारी कुठं जायचं झालं तर गाववाले सगळे मिळून, ज्याला रस्ता माहीत त्याच्या मागं. तो गावी गेला की आमचा रविवार खोलीतच. कलकत्त्याला गलाईत असलेला तुझा मामा तेव्हा लई तोरा मिरवायचा: "आमच्याकडं 1984 पासून जमिनीखालनं रेल्वे आहे." खोटं नव्हतं ते. देशातली पहिली मेट्रो कलकत्त्याचीच.

दिल्लीची आली डिसेंबर 2002 मध्ये, शाहदरा ते तीस हजारी. वाजपेयींनी 24 तारखेला उद्घाटन केलं, दुसऱ्या दिवशी लोकांना खुली झाली आणि अशी माणसं लोटली की कागदी तिकिटं द्यायची वेळ आली. कुणाला कुठं जायचं नव्हतं, नुसतं बसायचं होतं. मीही त्यातलाच. समोर एक म्हातारी चपला काढून, त्या मांडीवर धरून बसली होती. फरशी इतकी चकचकीत की तिला पाय ठेवायला संकोच वाटत होता. आपल्या कोकण रेल्वेचे श्रीधरन तेच ह्या कामावर होते. रूळ किती रुंद ठेवायचे ह्यावरून त्यांचं रेल्वेशी जमलं नव्हतं, असं पेपरात यायचं. त्यांना अरुंद हवे होते, रेल्वेनं ऐकलं नाही. म्हणून रेड, यलो आणि ब्लू ह्या पहिल्या लाइनी ब्रॉडगेज आहेत, नंतरच्या अरुंद. पिंकमधून यलोत बदलशील तेव्हा बघ, डब्यातली रुंदी चटकन जाणवते.

मग आमच्या पायाखालीच काम आलं. कुचा महाजनीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं. वर विजेच्या तारांचं जाळं, दोन्ही बाजूंना जुन्या इमारती, आणि ह्याच वस्तीच्या खालून रेल्वे नेणार म्हणे. म्हातारे व्यापारी दुकानात बसून सांगायचे, आता सगळं बसणार. आम्ही वर सोनं वितळवायची मूस तापवतोय, तेजाबाच्या वाफेनं खोकतोय, आणि खाली मशीन माती खात पुढं चाललंय. आम्हाला कळलंसुद्धा नाही ते कधी गेलं. जुलै 2005 मध्ये चांदणी चौक स्टेशन सुरू झालं आणि डिसेंबरात करोल बागेलाही मेट्रो गेली, जिथं आपले निम्मे गाववाले. मग रविवारी कुणाची वाट बघायची गरज राहिली नाही. हिंदी वाचता येत होतं, पाटी वाचायची आणि जायचं.

2010 मध्ये यलो लाइन कुतुबमिनारापर्यंत पोचली तेव्हा मी एकटाच निघालो. "अगला स्टेशन कुतुबमिनार है, दरवाजे बायीं ओर खुलेंगे" का "दायीं ओर", ते आठवत नाही, पण बाहेर आलो तर मिनार कुठंच दिसेना. स्टेशनला नाव मिनाराचं आणि मिनार दीड-दोन किलोमीटरवर. तिथनं पुढं रिक्षाच.

दिल्लीत हे नेहमीचं आहे, आणि म्हणूनच हा एवढा मोठा कागद. गाडी तुला स्टेशनवर सोडते, पत्त्यावर नाही. कुणी तुला कुठं बोलावलं तर स्टेशनचं नाव सगळेच सांगतात, तू "कौनसे गेट से?" विचारायचं. एकाच स्टेशनची चार तोंडं चार रस्त्यांवर निघतात, आणि मधला रस्ता असा की पार करायला पंधरा मिनिटं जातात. चांदणी चौकाचं एक तोंड जुन्या दिल्लीच्या रेल्वे स्टेशनाकडं, दुसरं बाजाराकडं. राजीव चौक तर विचारूच नको. वर कॅनॉट प्लेस गोल, सगळे खांब पांढरे आणि सगळे सारखे. चुकीच्या गेटनं वर आलीस की गोल फिरत बसशील. बाहेर पडायच्या दारांजवळ खालीच फलक लावलेला असतो, कुठल्या गेटला काय आहे ते लिहिलेलं. कार्ड टेकवायच्या आधी तो वाच. गर्दीच्या मधोमध थांबून नाही, खांबाला टेकून. राजीव चौकात मधे थांबलेल्या माणसाला लोक थांबू देत नाहीत, उचलून नेतात.

तसंच जामा मशिदीचं. कुणी जुनं माणूस तुला चावडी बाजारला उतर म्हणून सांगेल. ते पूर्वीचं झालं. 2017 पासून व्हायोलेट लाइनवर जामा मशीद आणि लाल किल्ला अशी दोन वेगळी स्टेशनं झालीत. काश्मिरी गेटला बदललंस की झालं. आणि एखादं स्टेशन चुकून पुढं गेलंच तर रडायचं कारण नाही. जमिनीखालच्या बहुतेक स्टेशनांवर दोन्ही बाजूंच्या गाड्या एकाच प्लॅटफॉर्मला लागतात. उतरायचं आणि पाठ फिरवून समोरची धरायची. पुलावरच्या स्टेशनला मात्र खाली उतरून पलीकडं चढावं लागतं.

रात्रीचं नीट ऐक. शेवटची गाडी अकराच्या सुमाराला, असं सगळे म्हणतात. पण प्रत्येक स्टेशनची वेळ वेगळी आहे. आणि गाडी बदलायची असेल तर पहिली मिळाली म्हणून दुसरी मिळेलच असं नाही. तेव्हा साडेनऊला परतीच्या गाडीत असायचं. विश्वविद्यालयच्या बाहेर कमला नगर, विजय नगरला ई-रिक्षा असतात, माणशी भाड्याच्या. रात्री रिकामीत आपण पहिलं बसायचं नाही. दोन पोरी बसलेल्या असतील तीत बस. मेट्रोत कॅमेरे आहेत, जवान आहेत. गेटपासून तुझ्या खोलीपर्यंत तुझं तूच आहेस. खोली बघायला जाशील तेव्हा घरमालकिणीला पाणी-वीज विचारतेस तसं, गेटपासूनचा रस्ता रात्री एकदा चालून बघ. दिव्यांवरून आणि उघड्या दुकानांवरून कळतं काय ते. हजार रुपये भाडं जास्त पडलं तरी चालेल, पण रस्ता जागता हवा.

धुळवडीच्या दिवशी मेट्रो दुपारी अडीचपर्यंत बंद असते, त्या दिवशी कुठं निघू नकोस; तसंही विद्यापीठाच्या भागात पोरींनी त्या दिवशी बाहेर न पडलेलं बरं. 26 जानेवारीला मधल्या दिल्लीतल्या काही स्टेशनांची गेटं बंद ठेवतात, मोठा मोर्चा असला की तेव्हाही. गाडी तिथून न थांबता निघून जाते. घाबरू नको, पुढच्या स्टेशनला उतर आणि चाल. जानेवारीत धुकं पडलं की रस्त्यावर पुढची गाडी दिसत नाही, बस रखडतात. तेव्हा आणि मे-जूनच्या उन्हातही ती जमिनीखालची गार-उबदार हवा फार बरी वाटते. आमच्यातली काही पोरं तर नुसती त्यासाठी तिकीट काढून बसायची. डब्यात खालीच फतकल मारायची, त्याला दंड आहे. तू तसलं करू नकोस.

दिल्ली बघ. अभ्यास कर हे तुझी आई सांगेलच, मी हे सांगतो. हुमायूनचा मकबरा बघ, लोदी गार्डनमध्ये बस, तालकटोऱ्याला जाऊन ये. बाजीरावाचा तळ 1737 साली तिथं पडला होता, आणि आपल्या सांगलीच्या तारा भवाळकर 2025 मध्ये तिथंच साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. ह्यातलं बरंचसं स्टेशनपासून चालायच्या किंवा रिक्षाच्या अंतरावर आहे, दाराशी नाही, हे आता तुला कळलं असेल.

तुझा सुनीलदादा अजून कुचा महाजनीतच आहे. रविवारी बाजार बंद असतो, तेव्हा पहिल्या रविवारी त्याच्याकडं जाऊन ये. विश्वविद्यालयपासून चांदणी चौक चौथं स्टेशन. तो म्हणेल, मी न्यायला येतो. येऊ देऊ नकोस. गेट नंबर विचार आणि तुझी तू वर ये. गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला तर राहू दे, तेवढं मानेल तो.

त्याच्यासाठी आईनं शेंगदाण्याची चटणी दिलीय. डबा घट्ट बांधलाय, चेकिंगला विचारलं तर उघडून दाखव. आत दोन पुड्या आहेत, एक तुझी. दोन्ही त्याच्यापुढं काढू नकोस. जेवायला बसला की तो मागचं-पुढचं बघत नाही.

तुझे,
आण्णा