मंचावरचे दोन झेंडे

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

गणेशोत्सवात मंडळाच्या मंचावर भारत आणि अमेरिका, दोन्ही देशांचे झेंडे लावायचं काम तुझ्याकडे आलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मापं. अमेरिकेतल्या दुकानात तिथला झेंडा सर्रास मिळतो तो ३ × ५ फुटांचा. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या १९५९ च्या आदेशात उंची आणि लांबीचं प्रमाण १ : १.९ आहे, म्हणजे ३ फूट उंचीला लांबी ५.७ फूट हवी. पण तो आदेश सरकारी खात्यांसाठी. मंडळाला ३ × ५ चालतो. तिरंग्याची लांबी उंचीच्या दीडपट, तेव्हा त्याच्याशेजारी १३५० × ९०० मिलिमीटरचा तिरंगा ठेव. उंची जवळपास सारखी, लांबीत अर्ध्या फुटाचा फरक, तो लांबून कळत नाही. दोन्हींना वेगळ्या काठ्या आणि काठ्या समान उंचीच्या. एकाच काठीवर एकाखाली दुसरा लावायचा नाही. शांततेच्या काळात एका देशाचा झेंडा दुसऱ्याच्या वर लावणं आंतरराष्ट्रीय रिवाजात बसत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो बाजूचा. अमेरिकेत मानाची जागा त्यांच्या झेंड्याची, आणि ती जागा म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या वक्त्याचा उजवा हात. मांडणी करणारा मात्र सभागृहातून मंचाकडे बघत असतो. तो स्वतःच्या उजवीकडे झेंडा ठेवतो आणि सगळं उलटं होतं. खुर्च्यांमधून पाहशील तेव्हा अमेरिकेचा डावीकडे आणि तिरंगा उजवीकडे दिसला पाहिजे. मिरवणुकीत अमेरिकेचा झेंडा चालणाऱ्यांच्या उजव्या हाताला.

मागच्या पडद्यावर उभे टांगायचे ठरलं तर आणखी जपून. अमेरिकेच्या झेंड्याचा ताऱ्यांचा निळा कोपरा आडवा असो की उभा, बघणाऱ्याच्या डावीकडे वरच राहायला हवा. आडवा झेंडा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की तो कोपरा उजवीकडे जातो, उलट फिरवला तर खाली उतरतो. म्हणून आधी काट्यांच्या दिशेने फिरवायचा, मग पालथा करून मागची बाजू पुढे घ्यायची. एकाच बाजूने छापलेला स्वस्तातला झेंडा इथे उघडा पडतो, मागची बाजू फिकी दिसते. पट्टे शिवलेले आणि तारे भरतकामाचे असा नायलॉनचा घे. तिरंगा पालथा करावा लागत नाही. काट्यांच्या उलट फिरवला की केशरी पट्टा बघणाऱ्याच्या डावीकडे येतो, आणि भारताच्या ध्वजसंहितेला तेच हवं आहे.

वक्त्याच्या टेबलावर झेंडा पसरू नका. तिथे निळ्या-पांढऱ्या-लाल कापडाची झालर लावतात, निळा नेहमी वर. झेंडा छापलेले कागदी रुमालही आणू नका. एकदा वापरून फेकायच्या वस्तूवर झेंडा छापू नये असं अमेरिकेची ध्वजसंहिता सांगते. बाहेर लावलेला झेंडा सूर्यास्ताला उतरवायचा. रात्रभर ठेवायचा तर त्यावर नीट उजेड हवा. चढवताना झपझप, उतरवताना सावकाश. त्या वेळी अमेरिकी नागरिक छातीवर हात ठेवतात. तू भारतीय नागरिक आहेस, तुला सावधान उभं राहणं पुरेसं आहे, संहितेत तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.

अमेरिकेच्या झेंड्याची घडी दोघींनी घाला. झेंडा कमरेच्या उंचीवर आडवा ताणून धरा. खालची, नुसत्या पट्ट्यांची बाजू वर दुमडा. मग लांबीतच पुन्हा एकदा, निळा भाग बाहेर राहील असं बघून. आता पट्ट्यांच्या टोकाचा कोपरा समोरच्या कडेवर आणून त्रिकोण करा, तो त्रिकोण आत वळवा आणि तसंच निळ्या भागाकडे सरकत जा. शेवटी उरलेली पट्टी आत खोचा. बाहेर फक्त निळं आणि तारे दिसायला हवेत. लाल डोकावलं तर सुरुवातीचे त्रिकोण सैल पडले असं समज, उलगडून परत घाला. तेरा घड्यांचे तेरा अर्थ सांगणारा एक मजकूर फिरत असतो. मंचावरून तो वाचू नका. घडी कशी घालायची हे कायद्यात कुठेच नाही, आणि घड्या किती होतात ते झेंड्याच्या प्रमाणावर ठरतं.

पट्ट्यांचा तेरा हा आकडा मात्र कायद्यातला आहे. १४ जून १७७७ च्या ठरावात तेरा वसाहतींचे तेरा पट्टे आणि तेरा तारे ठरले. व्हरमाँट आणि केंटकी आल्यावर १७९४ च्या कायद्याने दोन्ही पंधरा केले. राज्यं वाढत गेली तसं हे पेलेना, म्हणून १८१८ मध्ये पट्टे कायमचे तेरावर आणले आणि नव्या राज्याला फक्त तारा, तोही त्यानंतरच्या ४ जुलैला. हवाईचा पन्नासावा तारा असा ४ जुलै १९६० ला लागला. सहा आणि पाच ताऱ्यांच्या आलटून पालटून नऊ ओळी आहेत. मुलांना रांगोळीत काढायचा असेल तर सहाच्या ओळीने सुरुवात आणि सहाच्याच ओळीने शेवट.

सूत्रसंचालन करणारे ‘लाल म्हणजे सांडलेलं रक्त’ असं हमखास म्हणतात. १७७७ च्या ठरावात रंगांचा अर्थच दिलेला नाही. तेव्हाच्या काँग्रेसचे सचिव चार्ल्स थॉमसन यांनी १७८२ मध्ये अर्थ लिहिले ते अमेरिकेच्या राजमुद्रेसाठी: पांढरा निर्मळपणाचा, लाल कणखरपणा आणि शौर्याचा, निळा जागरूकता, चिकाटी आणि न्यायाचा. त्या मुद्रेतल्या ढालीवर पट्टेही झेंड्याच्या उलट आहेत, पांढरे सात आणि लाल सहा. सजावटीसाठी कुणी ढाल कापणार असेल तर हे आधीच सांग.

राजमुद्रेतला गरुड करणार असाल तर त्याच्या उजव्या पंजात ऑलिव्हची फांदी, डाव्यात तेरा बाण, आणि तोंड फांदीकडे. युद्धात गरुड मान फिरवतो, ही भाकडकथा. राष्ट्राध्यक्षांच्या मुद्रेतला गरुड पूर्वी बाणांकडे बघत असे, तो ट्रुमन यांनी १९४५ मध्ये फांदीकडे वळवला, त्यातून ती निघाली असावी. बेंजामिन फ्रँकलिन यांनी राजमुद्रेसाठी टर्की पक्षी सुचवला होता, हेही खरं नाही. १७८४ मध्ये लेकीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी माजी सेनाधिकाऱ्यांच्या एका संस्थेच्या पदकावरच्या गरुडाची टवाळी केली आणि त्यापेक्षा टर्की बरा, असं म्हटलं. मुद्रा दोन वर्षांपूर्वीच मंजूर झाली होती. गंमत म्हणजे इतकी वर्षं मुद्रेवर असलेला हा पांढऱ्या डोक्याचा गरुड कायद्याने राष्ट्रीय पक्षी झाला तो २०२४ च्या डिसेंबरात.

त्याचं गळून पडलेलं पीस तळ्याकाठी दिसलं तरी उचलू नकोस. १९४० च्या कायद्याखाली परवान्याशिवाय ते जवळ ठेवणं हा गुन्हा आहे. याउलट, निषेध म्हणून झेंडा जाळणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडतं, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ठरवलं, आणि संहितेतले बाकीचे नियमही शिक्षेच्या धाकावर पाळले जात नाहीत. आपल्याकडे तिरंग्याच्या अवमानाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मंडळातल्या नव्या मुलांना हा फरक माहीत असू दे, म्हणजे कुणाच्या टी-शर्टवर झेंडा दिसला म्हणून ती हुज्जत घालणार नाहीत.

मंडळाच्या कपाटातला जुना झेंडा कडेला उसवला असेल तर दोरे कापून परत शिवता येतो. विटून फाटला असेल तर कचऱ्यात टाकू नका. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या बऱ्याच शाखा असे झेंडे गोळा करतात आणि विधिपूर्वक जाळतात. नायलॉनचा घरी अंगणात जाळायला जाऊ नका, वितळून चिकटतो आणि धूर वाईट असतो.

तुझे बाबा