ठाणे जेल हलवा, पण किल्ल्याचं काय करणार ते आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाण्याचं सेंट्रल जेल दुसरीकडे हलवायची चर्चा अधूनमधून निघते आणि निघाली की लगेच गार्डन, लेझर शो, फूड कोर्ट असलं बोलणं सुरू होतं. जेल हलवायला माझा विरोध नाही, क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त कैदी आत कोंबलेत, ते त्यांच्यासाठीही बरं नाही आणि स्टाफसाठीही. पण ती नुसती मोक्याची जागा नाहीये हो, तो किल्ला आहे. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, १७३७ ला मराठ्यांनी घेतला, १७७४ ला इंग्रजांनी, आणि पुढे त्यांनीच त्याचं जेल केलं.

गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खून प्रकरणात दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळेंना इंग्रजांनी इथेच ठेवलं होतं. पहाऱ्यावर सगळे गोरे सोल्जर, मराठी कोणालाच कळत नव्हतं, आणि खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता एक मोतद्दार गाणी म्हणायचा, त्या गाण्यातूनच पळायचा बेत त्यांना कळवला असं सांगतात. १८१६ मध्ये ते खरंच निसटले! ती खिडकी नेमकी कुठल्या बाजूला होती हे शोधून तिथे पोरांना उभं करून ही गोष्ट सांगितली तर लेझर शो कशाला पाहिजे?

इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरेंना २ मे १८४८ ला इथेच फाशी दिली. १९ एप्रिल १९१० ला नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना, त्यात कान्हेरे जेमतेम अठराचे. आज ठाण्यातल्या माणसाला त्या जागी जाऊन हात जोडायचे तर जेलच्या परवानगीशिवाय जमत नाही. म्हणून फाशीची जागा, बुरूज आणि तटबंदी यांना कुठल्याही प्लॅनमध्ये हात लागता कामा नये, आणि राघोजींचं नाव कोपऱ्यातल्या एका पाटीवर ढकलू नये, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या महादेव कोळ्यांचा तो इतिहास आहे, ठाण्याइतकाच त्यांचाही.

गोव्यात आग्वाद किल्ल्यातल्या जेलचे कैदी कोलवाळच्या नव्या जेलला नेले, मग जेलची दुरुस्ती करून डिसेंबर २०२१ मध्ये तिथे म्युझियम उघडलं. म्हणजे मनात आणलं तर होतं.

अजून एक, याबद्दल फार कोणी बोलत नाही. आता जेल कोर्टाजवळ आहे, स्टेशनहूनही लांब नाही, त्यामुळे कच्च्या कैद्यांच्या घरच्यांना मुलाखतीला येणं त्यातल्या त्यात सोपं पडतं. नवं जेल कुठेतरी आडबाजूला बांधलं तर त्या बायाबापड्यांचा अख्खा दिवसाचा रोज बुडेल, तेव्हा तिथपर्यंत बसची सोय आधी करा.

बिल्डरच्या आर्किटेक्टला बोलावण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून किल्ल्याचा पूर्ण सर्व्हे करून घ्यावा, कुठलं बांधकाम पोर्तुगीजांचं, कुठलं जेलच्या काळातलं ते नकाशावर दाखवावं, आणि तो नकाशा महिनाभर गडकरी रंगायतनसारख्या ठिकाणी लोकांना बघायला लावून हरकती मागवाव्यात.

आपला,
एक ठाणेकर वाचक