द्राक्षमळ्यांतल्या पायवाटा नकाशावर आहेत, त्या चालण्यासाठी खुल्या करा

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

हिवाळा लागला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत भटकंतीची पाने फुलतात आणि नाशिक जिल्ह्याच्या वाट्याला हरिहरच्या कातळपायऱ्या, साल्हेरची उंची आणि अंजनेरीचे पठार ठरल्याप्रमाणे येते. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु साठीनंतर ज्यांचे गुडघे कुरकुरू लागले आहेत, ज्यांच्या हाताला सहा-सात वर्षांचे नातवंड आहे, किंवा ज्यांना दोर, शिड्या आणि पहाटे तीनचा गजर यांपैकी काहीच नको असून केवळ दोन-तीन तास मोकळ्या हवेत सपाट वाटेने चालायचे आहे, अशा माणसांसाठी खुणा करून ठेवलेली, कोणाच्या परवानगीची वा रागाची धास्ती न बाळगता चालता येईल अशी वाट या जिल्ह्यात माझ्या तरी पाहण्यात नाही. त्यांच्या नशिबी जॉगिंग ट्रॅकच्या फेऱ्या येतात.

वास्तविक अशा वाटेसाठी याहून सोयीचा प्रदेश शोधून सापडणार नाही. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी त्र्यंबकेश्वराहून उतरते, गंगापूर धरणाच्या जलाशयात काश्यपीचे पाणी तिला मिळते, पुढे शहर ओलांडून ती निफाडच्या काळ्या रानात पसरते आणि नांदूर मधमेश्वरला कादवेशी तिचा संगम होतो. पश्चिमेला त्र्यंबकच्या डोंगरांतले जंगल, मध्ये दिंडोरी आणि गिरणारे बाजूचे द्राक्षमळे, पूर्वेला पाणथळ. त्र्यंबकचा डोंगरपट्टा सोडला तर चढ म्हणावा असा चढ क्वचितच लागतो.

माझी नोकरी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून झाली, त्यामुळे या खोऱ्यातील बऱ्याच गावांचे नकाशे हाताखालून गेले आहेत. गाव नकाशावर दुहेरी तुटक रेषा गाडीमार्ग दाखवते आणि एकेरी तुटक रेषा पायमार्ग. कापडावर चिकटवलेला जुना नकाशा टेबलावर पसरला की गावठाणातून निघालेली एखादी एकेरी रेषा दोन-चार गटांच्या बांधांवरून नदीच्या उतारापर्यंत जाते आणि पलीकडच्या गावाच्या नकाशावर तीच पुढे सुरू होते, हे बोट फिरवून पाहता येते. बाजाराला, लग्नाला, मसणवट्याकडे माणसे याच वाटांनी जात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे ज्या वाटा कोणाच्या खाजगी मालकीच्या नाहीत त्या शासनाच्या ठरतात. म्हणजे कागदावर या वाटा आजही सर्वांच्या आहेत. जागेवर मात्र काही नांगराखाली गेल्या, काहींवर द्राक्षाच्या मांडवाचे अँगल उभे राहिले आणि काही बाभळी-घाणेरीने गिळल्या. नवी वाट काढण्यासाठी भूसंपादन करा असे माझे म्हणणे मुळीच नाही. जी वाट नकाशावर आहे ती शोधावी, मोकळी करावी आणि तिला खूण लावावी, एवढेच.

खुणेचे महत्त्व मला जर्मनीत पटले. मुलगी बॉनला असते, तेथून रेल्वेने आर नदीच्या खोऱ्यात सहज जाता येते. या खोऱ्यात बाड बोडेनडोर्फ ते आल्टेनार अशी सुमारे ३५ किलोमीटरची पायवाट १९७२ पासून आहे. तिचे नाव रोटवाइनवांडरवेग, म्हणजे रेड वाईनची पायवाट. खाली नदी, मध्यावर पाटीच्या दगडाच्या उतारांवर पिनो न्वार या काळ्या द्राक्षाचे मळे, माथ्यावर ओकचे रान, आणि वाट या मधल्या उतारावरून जवळजवळ एका पातळीत जाते. ती बहुतांश ठिकाणी द्राक्षउत्पादकांच्या स्वतःच्या ट्रॅक्टरच्या रस्त्यांवरूनच नेलेली आहे. पर्यटकांसाठी म्हणून काय केले आहे, तर मळ्याच्या दगडी बांधावर, विजेच्या खांबावर किंवा फाट्यावरच्या लाकडी खुंटावर पांढऱ्या चौकोनात लाल द्राक्षाचा घड रंगवला आहे. हाताच्या पंजाएवढी ती खूण, पण दोन वाटा फुटतात त्या प्रत्येक ठिकाणी ती हजर असते. ३५ किलोमीटर एका दमात चालण्याची सक्ती नाही. खोऱ्यातल्या जवळपास प्रत्येक गावाला रेल्वे स्थानक असल्यामुळे थकलेल्या माणसाने उतार उतरावा आणि गाडी पकडावी, असा तो हिशेब आहे. जुलै २०२१ च्या महापुरात या खोऱ्यात शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि तो लोहमार्गही उद्ध्वस्त होऊन पुन्हा बांधावा लागला, हेही येथे सांगितले पाहिजे. नदीकाठाला किती खेटून बांधावे, हा धडा आपल्याकडच्या काठांनाही लागू आहे, आणि वाट काठापासून थोडी वर ठेवण्याचे शहाणपण त्यातूनच येते.

आता आपल्या बागायतदाराची बाजू. त्याची हरकत रास्त आहे आणि तिचे उत्तर दिल्याशिवाय या सूचनेला काही अर्थ नाही. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर केवडा आणि भुरी या रोगांच्या भीतीने बागेत सतत फवारणी चालू असते. फवारणीचा ब्लोअर सुरू असताना तेथून कोणी लहान मूल घेऊन जाऊ नये, हे सांगण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. निर्यातीच्या बागेत औषधांच्या अंशांची तपासणी कडक असते, तेथे अनोळखी माणसांचा वावर शेतकऱ्याला नको असतो. शिवाय घड तोडणारे हात, प्लास्टिकच्या बाटल्या आणि धरणाच्या काठावर सुट्टीच्या दिवशी जे काही चालते त्याची पुनरावृत्ती आपल्या बांधावर होण्याची धास्ती त्याला वाटते. जानेवारीत बागेच्या कडेने जुन्या साड्या बांधलेल्या असतात, आत एकेक घड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला असतो (आपल्या दैनिकाचाही हा एक उपयोग आहे, याची संपादकांनी नोंद घ्यावी), आणि त्या प्रत्येक कागदामागे मजुरी गेलेली असते. अशा मालाशेजारून परक्या माणसाला जाऊ देणे ही लहान गोष्ट नाही.

म्हणून मळ्यांमधली वाट बारमाही खुली ठेवण्याचा आग्रह धरू नये. जर्मनीतही वेचणीच्या दिवसांत मळ्यांतले काही रस्ते बंद ठेवतात. आपल्याकडे छाटणीपासून डिसेंबरअखेरपर्यंत मळ्यांचा टप्पा बंद, जानेवारी ते मार्च खुला, आणि त्या काळातही ज्या बागेत फवारणी असेल तेथे बागायतदाराने लाल फडके लावले की त्या दिवशी चालणाऱ्याने दुसरी वाट धरायची, असा नियम ग्रामसभेने ठरवावा. पावसाळ्यात तर काळ्या रानातून चालणे शक्यच नसते, दहा पावलांत चपलेला किलोभर माती चिकटते. शिवाय निफाडकडच्या उसात बिबट्याचा वावर आहे, तेव्हा ऊन चढल्यावर निघावे आणि सूर्य मावळण्याच्या बऱ्याच आधी परतावे, हा नियम प्रत्येक फलकावर ठळक लिहिला पाहिजे.

सुरुवात गंगापूर जलाशयाच्या मागच्या अंगाने, गिरणारे बाजूच्या गावांतून करावी असे मला वाटते. एका चालीत पाणी, मळे आणि झाडी ही तिन्ही तेथे मिळतात आणि गिरणाऱ्यापर्यंत सिटीलिंकची बस जाते, त्यामुळे गाड्या लावण्यासाठी वेगळी जागा सपाट करावी लागणार नाही. धरणाची भिंत सुरक्षेच्या कारणाने वगळावी आणि पाण्यापासून वाट दूर ठेवावी, कारण त्या काठावर बुडण्याच्या घटना घडतात. दुसरा टप्पा नांदूर मधमेश्वरचा. जानेवारी २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेल्या या पाणथळापर्यंत लोक मोटारीने जातात, मनोऱ्यावरून पक्षी पाहतात आणि मोटारीने परततात. ब्रिटिश काळात बांधलेल्या बंधाऱ्यावरून निघालेल्या कालव्यांच्या कडेचा देखभालीचा रस्ता सपाट आहे, त्यावरून काही अंतर पायी जाण्याची मुभा जलसंपदा विभागाने दिली तर खर्च फलकांपुरताच येईल. रामशेजच्या पायथ्याकडून बोरगड संवर्धन राखीव क्षेत्राच्या कडेने जाणारी वाट वन विभागाच्या अखत्यारीतली असल्याने ती नंतर पाहता येईल.

आपल्याकडे चालण्याची संस्कृती नाही, असे कोणी म्हणेल. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी शेकडो दिंड्या त्र्यंबकेश्वरला पायी येतात, श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा अनवाणी होते. चालणारी माणसे भरपूर आहेत, पण त्यांना चालायला महामार्गाची कड तेवढी शिल्लक राहिली आहे. पौषातल्या दिंड्या नेमक्या द्राक्षाच्या हंगामात येतात आणि ट्रक-मोटारींना अंग चोरत डांबरावरून जातात. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते रुंद होत असताना त्यांना समांतर अशा एखाद्या जुन्या पायमार्गाचा विचार झाला, तर तो वारकऱ्यालाही उपयोगी पडेल आणि सहलीला निघालेल्या कुटुंबालाही.

एक भीती मात्र नोंदवतो. २०२१ मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना आणली, हे चांगलेच झाले, कारण शेतकऱ्याला माल काढायला रस्ता हवाच. परंतु प्रत्येक पाणंद खडी टाकून रुंद करताना तिच्या कडेची करंज, बोर, चिंच तोडली गेली, तर उन्हात चालण्यासारखे तेथे काही उरणार नाही. ज्या वाटा पायवाटा म्हणून ठेवायच्या त्यांवर काँक्रीट नको, प्रवेशद्वाराची कमान नको आणि सेल्फी पॉइंट तर नकोच. वाईनरीवाल्यांनीही ही वाट म्हणजे एका चाखणीघरातून दुसऱ्यात जाण्याची सोय आहे असे मानू नये. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली वाटेवरच्या शेतकऱ्याने घरचे जेवण, द्राक्षे, बेदाणा विकावा. तो पैसा त्याच्या घरात गेला तरच वाट टिकेल.

या कामाला निधीच्या आधी एक बैठक लागेल. तहसीलदार, भूमी अभिलेखचे उपअधीक्षक, जलसंपदा आणि वन विभागाचे स्थानिक अधिकारी, सरपंच आणि वाटेलगतचे खातेदार यांना गाव नकाशासह एकत्र बसवावे लागेल. जिल्हाधिकाऱ्यांनी ती मार्चअखेरच्या पंधरवड्यात, काढणी उरकल्यावर आणि एप्रिलच्या खरड छाटणीच्या आधी घ्यावी. ऑक्टोबरनंतर बोलावले, तर अधिकारी सगळे येतील आणि बागायतदार एकही येणार नाही.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक,
नाशिक